रुजवात न घेतलेल्या सात फायली

"लाव की, चारू. राघवेंद्राचा आवाज ऐकल्याबिगर मी जळकोटची गाडी धरणार न्हाय," कल्याणप्पा खुर्ची ओढून बसत म्हणाले. ते आणि चारुशीलाचे वडील राघवेंद्र तीस वर्षं कोर्टाच्या नक्कल विभागात शेजारी बसले होते. वडिलांना जाऊन सोळा दिवस झाले होते.

चारुशीला धाराशिवच्या एका कॉलेजात सर्व्हर सांभाळायची. दवाखान्यात पडल्या पडल्या वडिलांनी तिच्या फोनवर सात आठवणी बोलून ठेवल्या होत्या. फोन दगा द्यायला लागला तशी तिनं त्या सर्व्हरवर उतरवल्या, 'कॉपी पूर्ण' ही ओळ पाहिली आणि फोन पुसून दुकानात बदलून टाकला.

तिनं पहिली फाइल लावली. आवाज नाही.

"थांब जरा. बोलायच्या आधी खाकरायचाच तो."

दुसरी लावली, तिसरी लावली. सातही लावून झाल्या. नावं बरोबर, तारखा बरोबर, आकार तर अगदी तंतोतंत. तिनं फायलीच्या आतले आकडे उघडले. शून्य. खाली सरकत गेली. पानंच्या पानं शून्य.

तिनं कॉपी केली त्या दिवशीची सर्व्हरची नोंद काढली. तीन वाजून बारा, कॉपी पूर्ण. तीन वाजून तेरा, वीज गेली. बॅटरीही तग धरू शकली नव्हती. फायलींपुरती जागा डिस्कवर राखली गेली होती, आवाज मात्र अजून वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या मेमरीतच होता. डिस्कवर काही उतरायच्या आधीच 'पूर्ण' म्हणायची मुभा सर्व्हरला होती. ती कुणी दिली हे शोधावं लागलं नाही. सर्व्हर रांगतो म्हणून प्राध्यापक कुरकुरायचे. उन्हाळ्यात तिनंच ती दिली होती, आणि सगळ्यांनी तिला शाबासकी दिली होती.

"काका, आत काहीच नाही."

"अगं, दिसतायत की! सात हायत."

"नुसत्या दिसतायत."

कल्याणप्पांनी पडद्यावरच्या सात नावांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "रुजवात घेतली नव्हतीस?"

"नाही. 'पूर्ण' वाचलं आणि फोन पुसला."

"नक्कल झाली की तो मूळ मोठ्यानं वाचायचा, मी नकलेवर बोट फिरवायचो. शेवटचा शब्द जुळला की मग सही. मी घाई केली की चिडायचा. म्हणायचा, कल्याण, एसटी दुसरी येईल तुझी."

चारुशीलानं ती मुभा काढून टाकली. आता सर्व्हर डिस्कवर लिहिणार, लिहिलेलं परत वाचणार, मुळाशी ताडून पाहणार, आणि मगच 'पूर्ण' म्हणणार. चार मिनिटांचं काम होतं.

फोन वाजला. आई होती.

"ऐकलं का गं कल्याणप्पांनी? कोणती लावलीस आधी? मला घरी आल्यावर सगळ्या ऐकव हं."

"आई, ते माझ्या हातून गेलं."

"काय गेलं?"

कल्याणप्पांनी मान खाली घातली. चारुशीलाला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं.