काढा घातलेली बशी

डावी बशी. काढा नाही.

गिरणी संपात गेली, तेव्हा धाकू मालाडच्या तबेल्यात लागला. तिथे मोगरी नावाची म्हैस होती. रेडा दाखवला, सुया टोचल्या, तरी गाभण राहीना. शेठ म्हणाला, भाकड पोसायला ही काय धर्मशाळा आहे? देवनारच्या कत्तलखान्याच्या ट्रकात मोगरी चढेना. धाकूने हाक मारली. चढली.

उजवी बशी. काढा आहे.

आता धाकू अंधेरीच्या प्रयोगशाळेत शिपाई. कापलेल्या म्हशींचे अंडाशय देवनारहून थर्मासमधल्या कोमट पाण्यात घालून आणतो. पद्मजाबाई त्यांतली कच्ची बीजं सुईने ओढून दोन बशांत ठेवतात. उजवीत थेंबभर जपानी काढा. तिकडे मूल न होणाऱ्या बायकांना देतात म्हणे. उबेत ठेवल्यावर बीजं पिकतात का, एवढंच बघायचं.

धाकूने काढ्याची पुडी हुंगली. "ह्येच्यात सुंठ आसा, बाई. दालचिनी आसा. जपानी आमच्या आयेकडसून शिकले काय?"

"त्यात शिंकू नका, मामा."

"ह्या आधी गावला असता, तर मोगरी गाभण रवली असती?"

बाईंनी सुईवरची नजर हलवली नाही. "उद्या बघू."

दोन्ही बशा. उबेच्या पेटीत.

धाकूला एकच हवं होतं. काढा फुकट जावा. दोन्हीकडे सारखंच निघावं. म्हणजे मोगरीसाठी करण्यासारखं काही नव्हतंच, असं ठरलं असतं.

दुसरा दिवस.

सूक्ष्मदर्शकावरून पद्मजाबाई हसत उठल्या. "मामा, उजवीकडची जास्त पिकलीत. कितीतरी जास्त."

मग त्यांनी धाकूचा चेहरा पाहिला. "बशीतलं वेगळं असतं हो. जिवंत म्हशीत काय झालं असतं, नाही सांगता येणार."

"म्हणजे नाय ना?"

"तसंही नाही सांगता येणार."

धाकू सूक्ष्मदर्शकाजवळ आला. मग म्हणाला, "बगू काय?"

आधी त्याला स्वतःच्याच पापण्या दिसल्या, काळ्या. मग एक गोल. भोवती पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी सैल, उजळ, पसरलेलं. कुठल्या म्हशीचं, कुणाला माहीत. ती म्हैस नव्हती आता. हे मात्र तयार होऊन बसलं होतं, कुणीतरी येईल म्हणून.

"दिसलं?"

"होय."

"सरका मग. मला पुढचं बघायचंय."

"वायच थांबा, बाई."

बाई थांबल्या.