बाराव्या नळीतलं रक्त

बाराव्या नळीतलं रक्त इतर नळ्यांपेक्षा फिकं होतं. उजेडासमोर तिरकं धरलं की कडेला काचेचाच रंग दिसे. यंत्राने आकडा दिला: हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ.

प्रयोगशाळेतल्या थोरल्या बाईंनी तो वाचला. रक्त त्यांचंच होतं. सकाळी कुणी यायच्या आत त्यांनी स्वतःच सुई टोचून घेतली होती आणि तपासणीच्या अर्जावर भलत्याच बाईचं नाव घातलं होतं.

महिन्यातले बारा-बारा दिवस अंगावरून जात होतं. डॉक्टरीणबाईंनी आठ महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, "कॅन्सर नाही, गाठ नाही. गर्भाशयाचं आतलं अस्तर लेझरने जाळू. पिशवी जागेवर राहील. मूल मात्र यापुढे होऊ द्यायचं नाही." सत्तेचाळिसाव्या वर्षी मूल कुणाला हवं होतं! अडलं होतं ते रजेच्या अर्जावर. कारण काय लिहायचं? एकवीस वर्षं लोकांची लघवी बिनदिक्कत तपासणाऱ्या बाईंना स्वतःच्या रक्ताची लाज वाटत होती, आणि त्या लाजेचीही लाज वाटत होती.

"अगं बाई, सहा पूर्णांक आठ?" हाताखालची मुलगी, चिमणी, संगणकात डोकावली. "ही चालत आली की उचलून आणली, काकू?"

"आली असेल चालत."

"सातच्या खाली आलं की लगेच पेशंटला फोन, हे तुम्हीच शिकवलंत. आणि आज तुम्हीच ढिम्म!" तिने अर्ज ओढून नंबर लावला.

बाईंच्या कोटाच्या खिशात फोन वाजला.

नाव खोटं लिहिताना हात अडखळला होता. नंबर मात्र सवयीने खरा पडला. नंबराशिवाय नमुना घ्यायचा नाही, हा नियम त्यांचाच.

चिमणीने अर्जाकडे पाहिलं, मग खिशाकडे. मग बाईंच्या स्टुलावरच्या काळ्या टॉवेलकडे. 'स्टूल टोचतं' म्हणून तो कित्येक आठवडे तिथे होता. बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

फोन बंद करता आला असता. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि तो कानाला लावला.

"हॅलो," चिमणीचा आवाज दोन्हीकडून आला. "तुमचं... रक्त फार कमी आहे. डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. आठ महिने झाले."

"मग?"

"अंगावरून फार जातं माझ्या," बाई म्हणाल्या. "लेझर करून घेणार आहे. माझ्या रजेचा अर्ज काढ, आणि कारण हेच लिही."