साडेआठ सेंटिमीटर

“काका, उद्या जुन्याचा ठोकळा फ्रीजमध्येच राहू दे. आपला मात्र सकाळी दोन तास आधी बाहेर काढून ठेवा. व्हिडिओच्या वेळी केलं होतं तसंच.”

राजेश दाराला टेकून उभा होता. हातात कॉफी, नजर फोनवर. माझ्याकडे बघून बोलायची त्याला गरज वाटली नाही, कारण मी हो म्हणणार हे त्याला ठाऊक होतं. मी हो म्हणालो. तो गेला. त्याच्या पाठीकडे बघत मी मनात म्हटलं, बेट्या, उद्या बघ.

व्हिडिओच्या वेळी मी खरंच तसं केलं होतं. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी सोवळ्यात बसून बोलतोय असं कुणाला वाटायला नको.

मी नंदू. स्टेट कॉलेज नावाच्या गावापासून पाऊण तासावर, डोंगरात, शिकारीची काडतुसं बनवणारी एक लहानशी कंपनी आहे. तिच्या टेस्ट लॅबमध्ये मी बावीस वर्षं जिलेटीनचे ठोकळे ओततो. गोळी जनावराच्या अंगात किती खोल जाईल, हे बघायला जनावर लागत नाही, ठोकळा लागतो. जिलेटीन म्हणजे डुकराची कातडी आणि हाडं. मी जन्माचा शाकाहारी. नीलांबरी, म्हणजे माझी बायको, मला अजून बेसमेंटच्या मोरीत हातपाय धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ देत नाही. पण ढवळण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. गुठळी होऊ द्यायची नाही, उकळू द्यायचं नाही, आणि मग दोन दिवस चार अंशांवर गप पडू द्यायचं.

आणि मग छर्रा. खरी गोळी मारण्याआधी प्रत्येक ठोकळ्यात ठरलेल्या वेगाने एक साधा लोखंडी छर्रा मारायचा. तो साडेआठ सेंटिमीटर आत गेला पाहिजे. एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं. जास्त गेला तर ठोकळा मऊ, कमी गेला तर कडक, दोन्ही फेकून द्यायचे. छर्रा न मारलेल्या ठोकळ्यावर केलेली टेस्ट म्हणजे थाप. हे मला कॉलेजने शिकवलं नाही. माझे वडील नागपूरला दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. ते अहवालाच्या प्रत्येक पानावर सही करायचे, शेवटच्याच नाही. मीही करायचो. मग राजेश आला, हसला, म्हणाला, काका, हे काय कोर्ट आहे का, शेवटी एक सही पुरे. आणि मी सोडून दिलं. माझी चूक ती हीच.

हा राजेश आमच्या घरी जेवून मोठा झाला. पुण्याहून एमबीए करायला स्टेट कॉलेजला आला तेव्हा चार पोरं एका अपार्टमेंटमध्ये राहायची आणि फोडणीच्या भातावर जगायची. दोन वर्षं दर रविवारी हा आमच्याकडे. नीलांबरीची पाटवडी, रस्सा, वर डबा भरून. त्याचा बायोडेटा कंपनीत मी स्वतः हातात धरून नेला. आठ वर्षांत तो मार्केटिंगचा व्हाइस प्रेसिडेंट झाला आणि मी जिथे होतो तिथेच ढवळत राहिलो. त्याचं मला दुःख नव्हतं. कंपनीत मराठी बोलणारे आम्ही दोघेच. मीटिंगमध्ये सगळ्या गोऱ्यांच्या देखत तो हसऱ्या चेहऱ्याने मराठीत काहीतरी टाकायचा, आणि मी खाली बघून हसायचो. आमच्या नेमबाजाला, अर्लला, तो ‘म्हातारं खोड’ म्हणायचा. त्यालाही मी हसलोय.

मार्चमध्ये त्याने नवं काडतूस काढलं. सॉव्हरिन. अंगठ्याएवढी जाड गोळी, दीडपट दारू, खांदा उखडेल असा धक्का. मी मीटिंगमध्ये विचारलं, हे कुठल्या जनावरासाठी? इथे हरीण आहे. काळं अस्वल आहे, ते लोकांच्या कचऱ्याचे डबे उलटे करतं. दोन्ही दीडशे वर्षांपूर्वीच्या पंचेचाळीस-सत्तर काडतुसाने निमूट मरतात. मेलेल्याला आणखी मारून काय मिळणार?

तो मराठीत म्हणाला, “काका, काडतूस जनावरासाठी नसतंच. माणसासाठी असतं. गरज जंगलात नसते, ती आपण दुकानात तयार करायची.”

मी तेव्हाही हसलो. इथपर्यंत सगळ्यात माझा वाटा आहे.

जूनमध्ये व्हिडिओ केला. जुन्या काडतुसासाठी फ्रीजमधला कडक ठोकळा, सॉव्हरिनसाठी दोन तास बाहेर ठेवून मऊ केलेला. सॉव्हरिनची गोळी ठोकळा पार करून पलीकडच्या मातीत घुसली, जुनी अर्ध्यात अडकली. राजेश म्हणाला, हा फक्त शो आहे, अहवालात खरं लिहा ना तुम्ही, कोण अडवतंय. मी लिहिलं. तीन पानं. दुसऱ्या पानावर ठळक अक्षरांत: या हलक्या रायफलमधून खांद्यावर घेऊन एका माणसाने दिवसात वीसपेक्षा जास्त फैरी झाडू नयेत. तिसऱ्या पानावर सही. अहवाल देऊन मी आठवडाभर मुलीकडे, आसावरीकडे, रेडमंडला गेलो.

परत आलो तेव्हा अर्लचा उजवा डोळा गेला होता.

अर्ल अडुसष्ट वर्षांचा, पांढरी दाढी, चाळीस वर्षं याच रेंजवर. राजेशला जाहिरातीच्या फिल्मसाठी तो हवा होता. चौकड्यांचा शर्ट, खांद्यावर सॉव्हरिन, गोळी सुटल्यावर हसणारा म्हातारा. ऊन बदललं की परत, ढग आला की परत. दोन दिवसांत एकशे साठ फैरी. तिसऱ्या दिवशी सकाळी अर्लला उजवीकडे काळा पडदा उतरल्यासारखं दिसलं. डॉक्टर म्हणाला, धक्क्यांनी डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. दोन ऑपरेशनं झाली. नजर आली नाही. कंपनीने पत्र पाठवलं, वयोमानाने दृष्टी गेली त्याबद्दल खेद आहे, आणि यापुढे आपली आवश्यकता नाही.

मी त्याच्या घरी गेलो. तो पायरीवर बसला होता. शिव्या देईल असं वाटलं होतं. त्याने दिल्या नाहीत. म्हणाला, “झाडायच्या आधी मी तुझा कागद वाचला होता, नंदू. त्यात मर्यादा नव्हती. म्हटलं, नंदूने लिहिलं नाही म्हणजे चालत असेल.”

त्याने कागद दाखवला. पहिलं पान माझं, तिसरं माझं. दुसरं माझं नव्हतं. तेच अक्षर, तोच मथळा, फक्त वीस फैरींची ओळ नाही. आणि खाली शेवटी माझी सही, ठसठशीत.

त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही. आसावरी फोनवर म्हणाली, “बाबा, जस्ट क्विट. लेट इट गो.” नीलांबरीने फोन माझ्या हातातून घेतला आणि तिला म्हणाली, “जाऊ द्यायचं नाहीये. बाबांनी लिहिलेलं पान कुणीतरी खाल्लंय.” मग माझ्याकडे वळून तिने एवढंच विचारलं, की मूळ पान आहे का. होतं. वडिलांची आणखी एक सवय माझ्यात उरली होती, प्रत्येक गोष्टीची एक प्रत घरी.

अर्लला मी सांगितलं की मी लिहिलं होतं. पानाची एक प्रत त्याच्या हातात दिली. डाव्या डोळ्याशी धरून त्याने ती सगळी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली.  त्याने शिव्या दिल्या असत्या तर कदाचित माझा राग थोडा उतरला असता.

मी राजेशला जाब विचारला नाही. जाब विचारला की माणूस सावध होतो. मी ऑगस्ट, सप्टेंबर ठोकळे ओतले, हो हो म्हटलं, त्याच्या मराठी टोमण्यांवर हसलो. मला माहीत होतं की ऑक्टोबरमध्ये लाँच आहे. शिकारीच्या मासिकांचे लेखक, दुकानदार, तीसेक माणसं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दोन ठोकळे.

त्या शनिवारी सकाळी मी दोन्ही ठोकळे एकाच फ्रीजमधून, एकाच वेळी, एकाच गाडीवरून रेंजवर आणले. प्रत्येक खुर्चीवर माझा अहवाल ठेवला, मी लिहिला तसा, तिन्ही पानांवर सही. आणि पहिल्या रांगेत अर्लला बसवलं.

राजेश नवं जाकीट घालून आला. अर्लला बघून त्याचं हसू जरा वाकडं झालं. “याला कुणी बोलावलं?”

मी म्हटलं, “मी. माप घ्यायला माणूस लागतो.”

पाहुणे बसत होते, त्याला वाद घालता येईना. त्याने भाषण केलं. मोठं जनावर, मोठी जबाबदारी, नव्या काळाची गरज. मग माझ्याकडे बोट केलं. मी उठलो आणि छर्ऱ्याची बंदूक त्याला दिली नाही, पुढच्या गावात शिकारीच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या एका बाईच्या हातात दिली. सांगितलं, आमच्याकडे गोळीआधी ठोकळा तपासायची पद्धत आहे, तुम्हीच तपासा. तिने दोन्हींत एकेक छर्रा मारला. एकात आठ पूर्णांक चार, दुसऱ्यात आठ पूर्णांक सहा.

राजेशला तेव्हा कळलं. तो माझ्याजवळ आला, पाहुण्यांकडे बघून हसत, खांद्यावर हात ठेवून, हळू आवाजात मराठीत म्हणाला, “काका, ठोकळे खराब झालेत म्हणा. प्लीज. पाया पडतो. मऊवाला आतून आणतो म्हणा. यांना काही कळत नाही, गाढवं आहेत सगळी.”

आठ वर्षं ही भाषा आमच्या दोघांची खोली होती. आत काहीही बोला, बाहेर ऐकू जात नाही.

मी इंग्रजीत, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हटलं, “हा मला आमच्या भाषेत सांगतोय की ठोकळे खराब झालेत असं खोटं बोल. त्याला आपल्या काडतुसासाठी मऊ ठोकळा हवाय, व्हिडिओत होता तसा. आणि तुम्हाला यातलं काही कळत नाही, तुम्ही गाढवं आहात, असंही म्हणतोय.”

खांद्यावरचा हात निघाला. कुणीतरी हसलं. मालक मागे उभा होता, तो कुणाला तरी फोन लावायला लागला. पण रायफली भरल्या होत्या आणि तीस माणसं वाट बघत होती. आमच्या दुसऱ्या नेमबाजाने आधी जुनी झाडली, मग सॉव्हरिन. सॉव्हरिनच्या धक्क्याने तो दोन पावलं मागे गेला.

मी अर्लला हाताला धरून ठोकळ्यांपाशी नेलं. एका डोळ्याने खोली नीट कळत नाही, म्हणून त्याने बोटांनी चाचपलं. जुन्या गोळीच्या बोगद्यात सळई घातली, मग नव्याच्या. दोन्ही सळयांवर अंगठा ठेवून त्याने त्या शेजारी धरल्या.

“जुनी दोन बोटं जास्त,” तो म्हणाला. “नवीचं टोक आत शिरताच फुलतं, म्हणून ती लवकर थांबते.”

दुकानवाल्या बाईने राजेशला विचारलं, मग हे नेमकं कशासाठी आहे? तो इंग्रजीत काहीतरी म्हणाला. तिने ऐकून घेतलं नाही, ती मांडीवरचं दुसरं पान वाचत होती. मग तिने वर बघितलं, अर्लच्या डोळ्याकडे. एकेकजण तसंच पान उलटत होता आणि तसंच वर बघत होता. तो कागदांचा आवाज मला अजून गोड लागतो. मला दया आली नाही. यायला हवी होती असं कुणाला वाटत असेल, तर त्याने एकशे साठ फैरी खांद्यावर घेऊन बघाव्यात.

दुपारी माझं ओळखपत्र काढून घेतलं. जाताना पार्किंगमध्ये राजेश गाडीत बसून होता. काच खाली केली. म्हणाला, “काकूंच्या हातचं खाल्लंय मी, काका. तुम्ही एकदा आधी बोलायचं तरी.”

“तू पान बदलताना बोलला होतास?” मी विचारलं आणि निघालो.

राजेशला त्या महिन्यातच काढलं, असं ऐकलं. सॉव्हरिन मात्र बाजारात आलं. डब्यावर गुरगुरणारं अस्वल आहे. विकलं जातंय म्हणे. माझा सूड तेवढ्याच लांबीचा होता, दोन बोटं.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांचा मोसम सुरू झाला. अर्लने गाडी चालवणं सोडलंय, म्हणून मी त्याला घेऊन गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी नारिंगी बंडी घालून जंगलात बसलो, फ्लास्कमध्ये नीलांबरीचा चहा. अर्लच्या मांडीवर आजोबांची जुनी रायफल, आत एकच काडतूस, पंचेचाळीस-सत्तर.

आठच्या सुमारास खालच्या मोकळ्या जागेत एक हरणी आली. मी त्याच्या कोपराला स्पर्श केला. त्याने रायफल उचलली, गाल दस्त्याला लावला आणि डावा डोळा मिटला. साठ वर्षं तो असाच नेम धरत आला होता. आता त्याला काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं, हे आम्हा दोघांना एकाच क्षणी कळलं.

तो तसाच राहिला. डोळा उघडला नाही, रायफल खाली घेतली नाही.

“आहे अजून?” त्याने हळूच विचारलं.

“आहे.”

“काय करतेय?”

“खाली मान घालून काहीतरी खातेय,” मी म्हटलं. “आता वर बघितलं.”