पांढऱ्या पट्टीपलीकडे गेलेला पास

मी एक जुना पास आहे, मित्रांनो. बसचा नव्हे, सिनेमाचाही नव्हे. एका आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेत छायाचित्रकार ताईंच्या गळ्यात मी लटकत असे.

स्पर्धेच्या कार्यालयातल्या गरम यंत्रातून मी बाहेर पडलो. माझ्यावर ताईंचा फोटो होता आणि खाली कॅमेऱ्याचे चित्र, म्हणजे छायाचित्रे काढायला परवानगी. व्हिडिओला मात्र सक्त मनाई होती, कारण प्रक्षेपणाचे हक्क एका वाहिनीने विकत घेतले होते.

"मैदानातली पांढरी पट्टी ओलांडायची नाही," खिडकीतल्या बाईंनी बजावले. "ओलांडली, तर पास गेलाच समजा."

दारावरचा रखवालदार माझ्यावर यंत्र धरी, हिरवा दिवा लागे आणि मी फुशारून जाई. ताईंचे संपादक मात्र फोनवरून सारखे मागे लागत. "अगं, मोबाइलवर गुपचूप जरासा व्हिडिओ घे ना! कोण बघतंय?"

"सगळेच बघताहेत, साहेब. पास गेला, तर फोटोलाही मुकाल," ताई म्हणत.

मग अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी आली. या शर्यतीत एका अडथळ्यापुढे पाण्याचा खड्डा असतो. त्याच्या कडेला, पट्टीच्या अलीकडे, ताई कॅमेरा रोखून गुडघ्यांवर बसल्या होत्या. धावपटू एकापाठोपाठ उड्या मारून गेल्या. सगळ्यात मागच्या मुलीचा पाय अडथळ्यावर निसटला. कपाळ आपटून ती पाण्यात पालथी पडली आणि तशीच राहिली.

"अहो, ती उठत नाहीये!" ताई ओरडल्या. प्रेक्षकांच्या गलक्यात ते कोणाला ऐकू जाणार? पंच पलीकडच्या वळणाकडे बघत होते. पट्टी ताईंच्या बुटाला टेकली होती. नको, ताई, नको, असे मला वाटत होते.

ताईंनी कॅमेरा गवतात टाकला आणि पाण्यात उडी घेतली. मीही गटांगळ्या खाल्ल्या. त्यांनी मुलीचे तोंड वर केले, पण ती श्वास घेत नव्हती. तेवढ्यात पुढच्या धावपटू मैदानाला चक्कर मारून पुन्हा खड्ड्याकडे आल्या. शिट्ट्या वाजू लागल्या. ताईंनी मुलीला पोटाशी धरले, पाठ पुढे केली. एकजण त्यांना चुकवताना धडपडली. ताई मुलीला ओढत कडेला आणत होत्या, पाठीवर थापट्या मारत होत्या. अखेर मुलगी खोकली. मग डॉक्टर धावत आले.

संध्याकाळी समितीने ताईंना बोलावले. "तुम्ही जीव वाचवलात, मान्य," अधिकारी म्हणाले. "पण तुम्हाला चुकवताना जी धडपडली, तिचं पदक हुकलं. तिला आम्ही काय सांगायचं?"

"तिला मीच जाऊन भेटते," ताई म्हणाल्या. आणि खरोखरच गेल्या. मला मात्र अधिकाऱ्यांनी मधोमध भोक पाडून रद्द केले.

"टीव्हीवर सारखी तूच दिसतेयस, आणि आपल्याला तो व्हिडिओ दाखवायचा हक्क नाही!" संपादक कळवळले. "फोटो तरी काढलास?"

"कॅमेरा गवतात होता, साहेब."

शेवटच्या दिवशी ताई फाटकाबाहेर उभ्या राहून प्रेक्षकांचे फोटो काढत होत्या. कपाळाला टाके घातलेली ती मुलगी शोधत शोधत तिथे आली.

"आत सगळीकडे बघितलं. तुम्ही दिसला नाहीत."

"मला आता आत कोण घेतंय?" ताई म्हणाल्या. दोघींना हसू फुटले. ताईंनी तिला हसतानाच टिपले. ते छायाचित्र पुढे खूप गाजले. रस्त्यावर ना कोणाचे हक्क होते, ना माझी गरज. थोडे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

आता मी कपाटाच्या खणात असतो. "आई, हा भोक पडलेला पास टाकू का?" ताईंच्या लेकीने मध्यंतरी विचारले. ताईंनी मला पदराने पुसले आणि परत ठेवून दिले.

मित्रांनो, तुमच्याही गळ्यात कधी असा पास येईल. त्याला जपा, त्याचे नियम पाळा, त्याला ओल लागू देऊ नका. पण समोर कोणी बुडत असेल, तर मात्र पासाला खुशाल भिजू द्या.