खेळाआधीचं मीठ

पाहुण्याला आधी खाऊ घालायचं, मग कामाचं बोलायचं, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी माझं चुकलं ते याच रीतीपायी.

शनिवारी आमच्या मुलींचा फुटबॉलचा सामना होता, खिंडीपलीकडच्या गावाशी. सामना संपल्यावर दोन्ही गावांचं जेवण माझ्या घरी. पण पंच तोक्तोसुन हे नारीन शहरातून पहाटेच्या गाडीनं निघाले, ते नऊलाच दारात हजर. कान थंडीनं लाल झालेले. वयस्कर माणूस, उपाशी कसा ठेवणार? माझे रमजानातले राहिलेले रोजे चालू होते, म्हणून मी काही घेतलं नाही. पण त्यांच्यापुढे जेवणाचा दस्तरखान अंथरला, रोटी मोडली आणि मेंढीच्या मांसातला मानाचा वाटा वाढला. हाड स्वच्छ करून त्यांनी तळहात पसरले आणि घराला दुआ दिली.

आम्हाला जिंकणं भाग होतं. पहिला सामना पाहुण्यांनी मारला होता, त्यामुळे बरोबरी झाली तरी नारीनच्या स्पर्धेला त्याच जाणार. माझी लेक अकिलाय बारा वर्षांची. महिनाभर बूट उशाशी घेऊन झोपत होती.

सामना सुरू झाला आणि माझा जीव खालीवर होऊ लागला. आमच्या मुलींनी पायात पाय घातला, तर पंचांना दिसेना. आमच्या मुलीला नुसता वारा लागला, की शिट्टी! पाहुण्यांची प्रशिक्षक झिपारकुल कडेवरून ओरडली, "अहो पंच, शिट्टीत मांस अडकलंय का?"

आमच्या मुलींना शिकवतो माझा दीर, दूलोत. तो पोट धरून हसला. "रडा, रडा! डोळे पुसायला रुमाल धाडू का?"

त्यांची गोलरक्षक एवढीशी पोर, खरंच रडत होती. मला वर बघवेना.

दोन मिनिटं उरली असताना अकिलायनं गोल केला. चेंडू तिच्या हाताला लागून आत गेला. पंच चार पावलांवर होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मैदानाच्या मध्याकडे बोट केलं. गोल.

पाहुण्या मुली होत्या तिथंच मातीत बसल्या.

"आम्ही खेळत नाही," झिपारकुल म्हणाली. "आणि या गावातल्या रोटीचा तुकडाही तोंडात घालणार नाही. चला गं, गाडीत बसा."

रोटीला बोट न लावता पाहुणे आमच्या दारातून कधी गेले नव्हते. मी डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि मैदानात शिरले.

"भाऊ, हात लागला होता ना?"

पंच बुटाकडे बघत राहिले. "ताई, तुमचं मीठ खाल्लंय. पोरगी तुमची. कुठल्या तोंडानं शिट्टी वाजवू?"

माणूस वाईट नव्हता. मीच त्याला अडकवलं होतं.

"चूक माझी. तुम्हाला खेळाआधी जेवायला बसवायला नको होतं. अल्ला साक्षी आहे, ते मीठ मी तुम्हाला हलाल केलं. तुम्ही माझं काही देणं लागत नाही."

दूलोत धावत आला. "वहिनी, वेड लागलंय का तुम्हाला? कुणाची पोर आहे ती?"

"हळू बोल, दूलोत. मुली ऐकतायत."

पंचांनी नाक पुसलं, घसा खाकरला आणि शिट्टी वाजवली. इतकी लांब, की कुंपणावरचे कावळे उडाले. गोल रद्द, चेंडू पाहुण्यांना. सामना बरोबरीत सुटला.

मग सगळे घरी आले. झिपारकुलनं पहिला घास घेतला आणि पंचांकडे बघून म्हणाली, "ताई, मीठ जरा कमीच पडलंय हं!" पंचांसकट सगळं घर हसलं. दूलोत तेवढा आला नाही. अकिलाय आली, पण माझ्याकडे पाठ करून बसली आणि कशालाच शिवली नाही.

पाहुणे गेले. सूर्य डोंगराआड टेकला. रोजा सोडायला मी खजूर शोधत होते, तेवढ्यात कुणीतरी पुढ्यात चहाची वाटी ठेवली.

"तुला कसं कळलं?" अकिलायनं विचारलं. "तू तर लांब उभी होतीस."

"गोल झाल्यावर सगळ्या नाचल्या. तू हात पाठीमागे धरलास."

ती थोडा वेळ आपल्या हाताकडे बघत राहिली. मग त्याच हातानं तिनं उरलेल्या रोटीचा मोठा तुकडा मोडला आणि उभ्या उभ्याच खायला लागली.

"बसून खा," मी म्हटलं.

ती बसली. माझ्या अगदी जवळ नाही, पण बसली.