पट्टीचा तिसरा थर

तीस वर्षं मी ट्रान्सपोर्टच्या गोदामात पार्सलं बांधली. माझ्या हातचं एकही पार्सल वाटेत सुटलं नाही, हे मी ज्याला त्याला ऐकवते. त्यामुळे आमच्या ह्यांच्या घोट्यावरच्या जखमेला पट्टी बांधायची वेळ आली तेव्हा वाटलं, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ.

दवाखान्यातल्या सिस्टरनं आधी दंडाचं नि घोट्याचं प्रेशर मोजलं. म्हणाली, "काकू, काकांच्या पायात रक्त खाली पोचतं कमी आणि वर चढायला आळस करतं. म्हणून दाब हवा, पण अगदी हलका. दोनच थर. एक दिवसाआड बांधा, आणि सैल वाटली तरी ओढू नका." मी मान डोलावली. मनात म्हटलं, कालची पोर ही, मला बांधायला शिकवतेय! ढिलं बांधणं म्हणजे शुद्ध कामचुकारपणा. घरी मी तिसरा थर चढवला, तोही चांगला ओढून. हे भिंतीकडे बघत बसायचे. "कसं वाटतंय?" विचारलं की म्हणायचे, "छान."

दहाव्या दिवशी सिस्टरनं पट्टी कात्रीनं कापली. पायावर वळ उठलेले, बोटं निळसर आणि गार. तिनं अंगठ्याचं नख दाबलं. पांढरं पडलं ते गुलाबी व्हायचं नावच घेईना.

"आणखी दोन दिवस गेले असते ना, तर बोटं गेली असती."

मी वाकून ती गार बोटं तळहातात धरली.

"काका, दुखत नव्हतं?" तिनं विचारलं.

"दुखायचं की. रात्र रात्र डोळा लागायचा नाही," हे म्हणाले. "पण ही एवढं मन लावून बांधायची. कसं सांगणार?"

"अहो!" मी तिथंच भडकले. "सांगितलं असतं तर मी दोन दिवस रुसले असते फार तर. बोटं गेली असती तर काय पार्सलनं मागवायची होती?" आणि मग मलाच रडू फुटलं. चूक माझी होती, त्यांची नव्हती.

सिस्टरनं माझ्या हातची पट्टी बंद केली. पायात ऊब परत आल्यावर पुन्हा प्रेशर मोजलं, आणि डॉक्टरांना विचारून तिनं स्वतःच हलकी पट्टी सुरू केली. एक दिवसाआड आम्ही बसनं तिच्याकडे जायचो. मी बाकावर हात बांधून बसायची. दोन महिन्यांत जखम शर्टाच्या बटणाएवढी उरली. मग एका सकाळी तिनं पट्टीचा रोल माझ्या हातात ठेवला.

"आज तुम्ही, काकू. आणि काका, तुम्ही तोंड उघडायचं. गप्प बसलात तर बघा!"

मी त्यांचा पाय मांडीवर घेतला. पहिला थर ठीक बसला. दुसऱ्याला घोट्यापाशी सवयीनं हात ओढला गेलाच.

"अगं ए! घट्ट होतंय!" हे असे ओरडले, की बाहेर नंबर लावून बसलेली माणसं दारातून डोकावली. सिस्टर तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मी पटकन पट्टी सोडली नि पुन्हा हलक्या हातानं गुंडाळली. सदतीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा माझ्यावर ओरडले, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, ओरडा हो, अजून मोठ्यानं ओरडा.