हिंमतरावांच्या नावाचा ढेकूण

किडा शोधणं सोपं असतं. पुढे माणसांशी गाठ पडते, तिथं जीव जातो.

धायरीत हिंमतरावांचा मळा आहे. मळा म्हणजे काय, तिन्ही बाजूंनी इमारती उठल्यावर उरलेला तुकडा. तिथं एक जुना आंबा आडवा पडून कुजत होता. त्याच्या सालीखाली मला ढेकणांच्या नात्यातला एक चपटा किडा सापडला. हा रक्त पीत नाही बिचारा, बुरशीचा रस शोषून जगतो. पंख मुळीच नाहीत, त्यामुळे घर मोडलं तर उडून जायची सोय नाही. सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडले, संग्रहालयांतले नमुने ताडून पाहिले, पण कुणाशी जुळेना. प्रजाती नवी होती. खडकवासल्यापर्यंतची पडकी झाडं उलथून पाहिली. त्या एका ओंडक्याबाहेर तो कुठंच नव्हता.

म्हणजे आधी ओंडका वाचवायला हवा. हिंमतरावांना शास्त्राशी देणंघेणं नाही, पण स्वतःचं नाव कुठंही लागलेलं चालतं. कमान झाली, बाकडी झाली, स्मशानातली पाण्याची टाकीसुद्धा झाली. आम्हा कीटकशास्त्रज्ञांत नव्या प्रजातीला माणसाचं नाव द्यायची रीत आहे. दिलं त्यांचं. वर बजावलं, ओंडका हलवायचा नाही. त्यांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

शोधनिबंध छापून आला आणि साहेबांनी स्वतःचा सत्कार स्वतःच ठेवला, मळ्यातच. फ्लेक्सवर भिंतीएवढा किडा आणि शेजारी तेवढेच हिंमतराव. दोघांत देखणा किडाच. फेटे झाले, भाषणं झाली, मला शाल-नारळ मिळाला. मग पंगत बसली. मी दोन घास घेतले तोच हिंमतराव शेजारी येऊन बसले. म्हणाले, फोटो लई झाले, आता पाव्हण्यांना आमचा किडा जित्ता दाखवा.

मी आंब्याच्या जागेकडे पाहिलं. तिथं सारवलेली जमीन आणि मांडवाचा खांब होता. अहो, ओंडका कुठंय, मी विचारलं.

"एवढी मोठी माणसं येणार, अन् मधीच ते कुजकं धूड? काढलं की. पण वाया नाय घालवलं. साल झकास पेटली, भात त्याच्यावरच शिजलाय."

हातातला घास मी पानात परत ठेवला. रडू येत होतं, आणि त्याहून जास्त संताप.

"हिंमतराव," मी म्हणाले, "या नावाचे जिवंत आता तुम्ही एकटेच."

ते भलतेच खूश झाले. वाढप्याला हाक मारून त्यांनी मॅडमना आणखी भात वाढायला सांगितला.